सोन्याच्या खाणीतले मोहितेकाका

सूसच्या आमच्या सोसायटीत लिफ्ट दोन वेळा अडते. एकदा वीज गेल्यावर आणि एकदा मोहितेकाका दारात उभे असल्यावर. आत शिरणाऱ्या प्रत्येकाकडे बोट करून ते मोठ्याने मोजतात. "चार. खाली गेलेली तेवढीच वर आली पायजेत." लॅपटॉप पाठीला लावून खाली गेलेली माणसं अंधार पडेपर्यंत वर येत नाहीत. मग काका वॉचमनला जाब विचारतात.

काका मूळचे मुळशीतलेच. तरुणपणी मामाच्या ओळखीने कर्नाटकातल्या एका सोन्याच्या खाणीत लागले. खाण बंद पडली, तसे मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आले. उभा जन्म जमिनीखाली काढलेला माणूस, आता वरून आम्हाला अक्कल शिकवतो. सोसायटीच्या सभेत टँकरचा विषय निघाला की हे उठलेच. "आमच्या खाणीत पंप बंद पडला तर मानसं बुडायची. तुमी पानी न्हाई म्हनून रडताय."

ती खाण इंग्रजांनी खोदली, पुढे सरकारकडे आली, आणि खोल जाता जाता काढायचा खर्चच सोन्याहून जड झाला, तेव्हा तिला कुलूप लागलं. हा इतिहास सोसायटीतल्या पोरांना पाढ्यांआधी पाठ झालाय.

मी एकदा मुद्दाम खोचून विचारलं, "काका, इतकी वर्षं सोन्यात काढलीत. एखादी अंगठी तरी केलीत का?"

"सोनं कुनी बघितलंय? आमी दगड बघितला. ढीगभर दगड दळायचा, तवा चिमूटभर निगायचं. ते बी सायबाच्या तिजोरीत."

म्हणजे ज्याची एवढी टिमकी वाजवली, ते सोनं या गृहस्थांनी पाहिलंच नव्हतं. पुढे महिनाभर मी हे सगळ्यांना चवीने सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात भाचीच्या लग्नासाठी मी एकटाच गाडी घेऊन कर्नाटकात निघालो. काकांना कुठून कळलं कोण जाणे. पहाटे पिशवी घेऊन पार्किंगमध्ये हजर. "वाटंतच हाय आमची खाण." ती वाटेत यावी म्हणून मला चार तास वाट वाकडी करावी लागली. तेवढा वेळ कानाशी एकच वर्णन: आभाळाला टेकलेला लोखंडी मनोरा, त्यावरचं चाक आणि त्या चाकावरून माणसं पाताळात नेणारा पाळणा.

मनोरा होता, पण गंजून लाल झालेला. चाकाला दोर नव्हता. खाणीच्या तोंडावर काँक्रीटचं झाकण बसवलेलं. मागे दळलेल्या दगडाची राखाडी टेकडी, तिच्यावर गवताची काडी नाही. काकांनी पहारेकऱ्याला आपलं नाव, पाळी, कितव्या थरावर काम केलं, सगळं कानडीत सांगितलं. त्याने जांभई दिली. "सब बंद है, अंकल."

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. एकदाची जिरली. काका मात्र कुंपणाच्या कडेने चालू लागले. मी वैतागून मागोमाग.

कुंपणाबाहेर कामगारांच्या चाळी होत्या. छपरं गेलेली, कौलं, वासे लोकांनी नेलेले. एका खोलीपाशी काका थांबले. दार नव्हतं, नुसती चौकट. आत शेळ्यांच्या लेंड्या आणि पाचोळा. भिंतीच्या सावलीसाठी मी आत पाय टाकणार, तोच त्यांनी हात आडवा धरला.

"वाईच थांबा."

शेजारच्या एरंडाचा डहाळा मोडून ते वाकले आणि खोली झाडू लागले. सावकाश, एकेक कोपरा धरून. भिंतीवर चुलीचा काळा डाग उरला होता. त्याच्या खालची माती त्यांनी हाताने पुसली.

"हितं सुमन बसायची."

त्यांच्या बायकोचं नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"पाळी करून कवाबी येऊ दे मी, जेवायची थांबलेली असायची. खाण बंद झाली त्याच साली गेली. पोरगं म्हनलं, चला गावाकडं. आलो." त्यांनी चुलीपुढची जागा पुन्हा एकदा झाडली. "पाहुना दारात आला की आदी केर काढायची. म्हनायची, तुमचा जलम धुळीत गेला, माझं घर न्हाई जायाचं."

डहाळा भिंतीला टेकवून ते कमरेवर हात ठेवत सरळ झाले, चौकटीपाशी आले आणि बाजूला सरकले.

"या आता आत."

मी बूट काढले.