खाली लिहिलंय तेवढंच

ब्रिस्टलमधले आमचे शेजारी वाघमारेकाका जुने जपानी सिनेमे नागपुरी मराठीत दाखवतात. म्हणजे सिनेमा जपानी, खाली सबटायटल्स इंग्रजी, आणि काका सोफ्यावर बसून ती मोठ्याने मराठीत वाचणार. तलवार उपसलेला सामुराई विचारतो, "काऊन बे, इकडं काऊन आला?" गुन्ह्याचा तपास असेल, तर उकाड्याने घामेजलेला इन्स्पेक्टर संशयिताला विनवतो, "सांगून टाक ना बाप्पा खरं."

काका विमानाच्या कारखान्यातून रिटायर झालेले इंजिनिअर. एरवी त्यांच्या तोंडून शब्द काढणं महाकठीण. वाचनात मात्र भलतेच कडक. एकदा मी म्हटलं, "काका, इथे थोडा मसाला घाला की."

"नाही. खाली लिहिलंय तेवढंच बोलायचं. पदरचं काही घालायचं नाही."

मला कोडं होतं ते ऐकणाऱ्या शोभाकाकूंचं. त्या इथेच हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होत्या. इंग्रजी माझ्याहून फर्डं, नजरही चांगली. मग त्यांना वाचून कशाला दाखवायचं? मी स्वभावानेच भोचक, त्यामुळे किचनमध्ये विचारलंच.

काकू चहा गाळत म्हणाल्या, "अगं, नाहीतर हे बोलतात कधी? माझ्या हार्टच्या ऑपरेशनची डेट आली, तर एवढंच विचारलं, 'कार पार्क कुठे आहे?'"

ते ऑपरेशन येत्या सोमवारी होतं. आदल्या दुपारी मी त्यांच्याकडे सिनेमाला बसले होते. सामुराई लढाईला निघाला होता, दारात त्याची बायको उभी. तो पाठमोरा थांबला आणि काका वाचू लागले, "उद्या तुला आत नेतील तेव्हा मी बाहेरच बसून राहीन. कुठंच जाणार नाही. तू भिऊ नको. भेव तर मलाच लागून राहिलं."

पडद्यावर खाली फक्त 'मी निघतो' एवढंच होतं. चूक दाखवायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

काकूंनीही ते वाचलं असणारच. टीव्हीवरची नजर न हलवता त्या म्हणाल्या, "त्या माणसाला म्हणावं, स्वेटर घालून बस. वेटिंग रूममध्ये गारठा असतो."

"सांगतो," काका म्हणाले.

पुढची ओळ मात्र त्यांना वाचता येईना. ती मग काकूंनी वाचली.