तुळसकर सर आणि रानआल्याचं फूल

तुळसकर सरांना चहाला बोलावलं की आधी त्यांना घरातलं आलं दाखवावं लागायचं. चप्पल काढून ते थेट स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे. "वहिनी, चहात काय घालणार आहात ते जरा बघू." आमची ही टोपलीतून आल्याचा तुकडा काढून द्यायची. सर तो मोडायचे, हुंगायचे, खिशातलं भिंग काढून आतले दोरे न्याहाळायचे आणि परत देत म्हणायचे, "ठीक आहे. घाला." पहिल्या खेपेला हिने मला आत बोलावून विचारलं, "आपलं आलं किडकं वाटलं की काय त्यांना?" मी म्हटलं, "नाही गं, ओळखीचं कोणी आहे का बघत होते."

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धुळ्यात देवपुरात आमचं कॉलेज होतं. मी रसायनशास्त्र शिकवायचो, तुळसकर वनस्पतिशास्त्र. मूळचे कोकणातले. लग्न केलेलं नव्हतं. भाऊबहिणी होत्या म्हणे कुठेतरी, पण त्यांच्याकडे कोणी आल्याचं मी पाहिलं नाही आणि दिवाळीत ते कुठे गेल्याचंही पाहिलं नाही. कोकणातली हिरवाई सोडून हा माणूस आमच्या उन्हात काय भाजायला आला, असं स्टाफरूममध्ये कोणीतरी विचारलंच. सर म्हणाले, "तिकडचं आलं सगळ्यांनी पाहून झालंय. सातपुड्यातलं राहिलंय."

बस, एवढंच. पावसाळा लागला की दर शनिवारी दुपारी त्यांची स्वारी शहाद्याच्या एस.टी.त चढायची आणि रविवारी रात्री तोरणमाळच्या जंगलातून चिखलाने माखून परतायची. सोबत गोणी. एकदा मीही होतो बरोबर. कंडक्टरने गोणीला पाय लावून विचारलं, "काय शे यामा?"

"आलं."

"काय भावनं?"

"अजून नावच नाही, तर भाव कुठला?"

कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. सामानाचं तिकीट मात्र त्याने फाडलंच.

सरांचं एक पालुपद होतं: "फूल दिसेपर्यंत मी बोलत नाही." मूळ मुद्दा शास्त्रातला होता. रानआल्याची आणि रानहळदीची झाडं पानांवरून सगळी सारखीच दिसतात; कोण कोणाच्या जातीचं, हे फूल बघूनच ठरतं. पण सरांनी ते पालुपद सगळीकडे लावून टाकलं. निवडणुकीत कोण येणार? "फूल दिसेपर्यंत मी बोलत नाही." यंदा बी.एस्सी.चा निकाल कसा लागेल? तेच. जळगावहून मेहरूणमधलं एक स्थळ घेऊन मध्यस्थ आला, मुलीचा फोटो दाखवला, वर पत्रिकाही जुळते म्हणाला. तिथेही सरांनी हेच ऐकवलं. मध्यस्थ तिरमिरीत उठला तो चहाही न घेता.

आता मुख्य गोष्ट. त्यांच्या घराच्या मागे पत्र्याच्या डब्यांची रांग होती आणि प्रत्येक डब्यात काही ना काही रुजत घातलेलं. त्यातल्या एका डब्यातल्या झाडाने सरांची झोप उडवली होती. त्याचा कंद आतून फिकट निळसर. वास ना आल्याचा, ना हळदीचा. ग्रंथ धुंडाळून झाले, पुण्याच्या जाणकारांना पत्रं लिहून झाली. तिकडून उत्तर आलं: नवी जात असू शकते, पण फूल पाठवा, आणि तेही स्पिरिटमध्ये बुडवून. कारण हे फूल कागदात दाबलं की दुसऱ्या दिवशी नुसता डाग उरतो. उमलतं ते जेमतेम काही तास. आणि हा पठ्ठ्या डब्यात कितीतरी पावसाळे नुसती पानं काढत बसला होता.

शेवटी एका श्रावणात मातीतून तांबूस कणीस वर आलं. एकच. सरांचं कॉलेजातलं लक्ष उडालं. त्या रविवारी सकाळी ते धावतच माझ्याकडे आले. "कळी फुटतेय. स्पिरिट हवंय. आत्ता!" प्रयोगशाळेची किल्ली शिपायाकडे, शिपाई आंघोळीला. सगळे सोपस्कार उरकून बाटली घेऊन आम्ही त्यांच्या मागच्या अंगणात पोचलो, तर डब्यात नुसता कापलेला देठ!

सरांचा चेहरा मला बघवेना. तेवढ्यात शेजारून बायकांची गाणी ऐकू आली. शेजारच्या अक्कांकडे कानबाई बसली होती. आमच्या खान्देशात श्रावणातल्या या रविवारी घरोघर कानबाई बसते, सोमवारी तिला वाजतगाजत नदीवर पोचवतात. आम्ही दारातून पाहिलं. केळीच्या खांबांमध्ये नथ घातलेली देवी, आणि तिच्या पुढ्यात ते तांबूस कणीस. त्यावर एक पिवळं फूल पूर्ण उमललेलं.

"अक्का!" सर ओरडले. एवढ्या मोठ्याने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "कोणाला विचारून तोडलं?"

गाणी थांबली. अक्का साठीच्या, घरात त्या आणि त्यांचे यजमान नाना दोघंच, मुलं सुरतेला. त्या गोंधळून म्हणाल्या, "आरे मास्तर, घरनं फूल तोडाले कोणले इचारानं? तुमना नावनी मूठ टाकेल शे मी रोटना गहूमा."

इथे थोडं सांगायला हवं. कानबाईचे रोट, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्या, ज्या गव्हाचे करतात, तो गहू घरातल्या एकेका माणसाच्या नावाने सव्वा सव्वा मूठ मोजून घेतात. ते रोट घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला, कितीही जवळचा असो, मिळत नाहीत. मी जन्माचा खान्देशी, वीस पावलांवर राहणारा. मला कोणी कधी तुकडाही दिला नव्हता, आणि मीही कधी मागितला नव्हता.

अक्कांना आता कुठे बाटली दिसली आणि काय झालंय ते उमगलं. "जोयजे का तुमले? थांबा, देस मी." त्यांनी देवीसमोरच्या फुलाकडे हात नेला. मागच्या म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. देवीपुढचं असं मधेच उचलत नाहीत.

मी सरांना कोपराने ढोसलं. घ्या म्हटलं, नाहीतर गेलं! किती वर्षांची वाट, आणि समोर दोन हातांवर फूल.

"राहू द्या, अक्का," सर म्हणाले. "छान दिसतंय तिथे."

मग खिशातलं भिंग काढून ते देवीपुढे मांडी घालून बसले आणि दुपार कलून ते फूल लोळागोळा होईपर्यंत बघत राहिले. बायकांना वाटलं, मास्तरांना भक्ती लागली. मी स्पिरिटची बाटली घेऊन घरी आलो. खरं सांगतो, मला त्यांचा भयंकर राग आला होता.

डब्यातला कंद त्याच पावसात कुजला. पुढच्या श्रावणात कानबाई नुकतीच होऊन गेली होती, तेव्हा कॉलेजात एक नियतकालिक आलं. सातपुड्याच्या पलीकडच्या अंगाला कोणा अभ्यासकाला तेच झाड फुलासकट सापडलं होतं. नवी जात, नवं नाव, खाली त्याची सही. सरांनी भिंग लावून चित्र पाहिलं. "पिवळी पाकळी, तळाशी तांबडे ठिपके. बरोबर आहे. चांगलं काम केलंय."

माझा तोल गेला. "अहो, त्या दिवशी हात पुढे केला असतात तर इथे तुमचं नाव असतं! वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना," सर म्हणाले. "खूप वाटतं."

त्यांनी ते नियतकालिक नीट मिटून कपाटात ठेवलं, पिशवी उचलली आणि घड्याळात पाहिलं.

"चला, निघतो. परवा पौर्णिमा, त्याच्या आत आमचे रोट संपायला हवेत. नानांना चावत नाहीत, अक्का एकट्या किती खाणार?"