तात्यांच्या खांद्यावरचा टॉवेल

पुण्यातल्या एका बिल्डरच्या थंडगार ऑफिसात, टाय लावलेल्या पोराच्या हातावर खांद्यावरचा टॉवेल टाकून आत बोटं चाचपणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय. ते उंब्रजचे आमचे शेजारी तात्या. सगळी हयात बैलबाजारात दलाली करण्यात गेली. तिथे भाव तोंडानं बोलत नाहीत, टॉवेलाखाली बोटं धरून ठरवतात. ते पोरगं नुसतं "सर, सर" करत अंग चोरायला लागलं.

"आवं, बोटं धरा की! भाव काय वरडून सांगायचा असतो व्हय?" तात्या म्हणाले.

तात्यांची एकुलती लेक शीतल पुण्यात नोकरी करते. आई मागेच गेली. भाड्याच्या खोल्या बदलून पोरगी कंटाळली होती, तिला स्वतःचं घर हवं होतं. कर्जाचीही तयारी झालेली. पण तात्यांनी पसंत केल्याशिवाय घ्यायचं नाही हा तिचाच हट्ट, आणि गाडी माझी. त्यामुळे माझे रविवार गेले.

तात्या फ्लॅट बघतात तो बैल पारखावा तसा. आधी चौफेर फेरी, मग भिंतीवर थाप, मग नळाच्या तोंडात बोट. सँपल फ्लॅट म्हणजे काय ते कळल्यावर तर भडकलेच. "एक बैल दावायचा आन दावणीला दुसराच बांधायचा? आमच्या बाजारात असल्याला उभं करत न्हाईत!" एकाची लिफ्ट कुरकुरते, दुसऱ्याचं स्वयंपाकघर अरुंद. तिसरा सगळ्या बाजूंनी चांगला निघाला, तर म्हणे, "लयच गरीब वाटतोय. कायतरी दडवलंय ह्यानं."

तात्या खोड काढत राहिले आणि भाव चढत राहिले. शीतलचं घर शहराच्या मध्यातून सरकत सरकत कात्रजच्या बोगद्याच्या अलीकडे, आमच्या बाजूला येऊन ठेपलं.

"तात्या, तुमच्यापायी पोरगी पुण्याबाहेर निघाली," मी चिडून म्हणालो.

"निघू दे की. तेवढीच आपल्याकडं सरकली."

मला तो विनोद वाटला.

बोगद्याअलीकडच्या त्या फ्लॅटमध्ये मात्र खोड सापडेना. तात्यांनी भिंतीवर पुन्हा पुन्हा थापा मारल्या. शेवटी शीतलच म्हणाली, "तात्या, पुढच्या म्हैन्यात ह्योबी परवडायचा न्हाई. खोड असंल तर आत्ताच सांगा."

"खोड घरात न्हाई गं." तात्या खिडकीबाहेर बघत होते. "भाड्याची खोली हाय तवर सणासुदीला घरला येतीस. ह्ये घेतलंस की ह्येच तुझं घर."

मग तात्यांनी टॉवेल काढला आणि लेकीच्या हातावर पसरला. "म्हैन्यातनं किती येळा येशील, तेवढी बोटं धर."

आत काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. तात्यांचा चेहरा तेवढा दिसत होता. "आगं, बोटं धर, बोटं! मूठ धरत न्हाईत," ते म्हणाले. शीतलनं मूठ सोडली नाही. मग तात्या फ्लॅट दाखवायला आलेल्या टायवाल्या पोराकडे वळले. "लिवा. सौदा झाला."

परतताना खंबाटकीचा घाट चढलो. तात्यांचा खांदा मोकळा बघून मी गाडी कडेला घेतली. "तात्या, टॉवेल राहिला तिकडं! फिरवू का गाडी?"

"चला वो मास्तर, गपगुमान," ते म्हणाले. "राहिला न्हाई, ठिवलाय. त्यो द्यायला म्हणून तरी यील."