चारशे बारा फायलींचा बॅकअप

निवृत्तीनंतर माणसाने एक तरी गोष्ट कुणाला न विचारता करावी, असं मला वाटलं आणि मी घरच्या कॉम्प्युटरवरचं लिनक्स काढून विंडोज घालायचं ठरवलं. लिनक्स आमच्या रविकिरणने शहराच्या दुसऱ्या टोकाला, सर्जापूर रोडला राहायला जाताना घालून दिलं होतं. चांगलं असतं म्हणतात. पण ऑफिसात मी तेवीस वर्षं रोज विंडोज उघडलं आणि बंद केलं (मधलं काम हेडक्लार्क करत), त्यामुळे माझा जीव तिथेच अडकलेला.

फोनवर चिरंजीव म्हणाले, "अण्णा, डिस्क पूर्ण पुसली जाते. आधी बॅकअप घ्या. नाहीतर स्वल्प थांबा, रविवारी मी येतो."

"घेतो की," मी म्हणालो.

आमच्या ऑफिसात जुन्या फायली नष्ट करण्याआधी त्यांची यादी करत. मी दोन दिवस बसून चारशे बारा फायलींची नावं, तारखा आणि आकार रजिस्टरात उतरवले. सुवाच्य अक्षरात. खाली सही केली, साक्षीदार म्हणून बायकोची, अहल्येची घेतली. ती भाजी निवडत होती. तिने न वाचता केली (आमच्या साहेबांसारखीच). मग मी निर्धास्तपणे 'पुढे', 'पुढे' दाबत गेलो.

संध्याकाळी विंडोज आलं. पाठोपाठ अहल्या आली.

"अहो, आईची गाणी कुठे गेली?"

सासूबाई जायच्या आदल्या वर्षी तिने त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवून त्यांची गाणी भरून घेतली होती. मी रजिस्टर उघडलं.

"अनुक्रमांक एकशे ऐंशी ते एकशे नव्वद. आहेत की."

"वाजवा मग."

ती भांडली नाही. रजिस्टर मांडीवर घेऊन त्या अकरा ओळींवरून बोट फिरवत राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं. मी रविकिरणला फोन केला.

"यादी केलीत?" त्याने विचारलं. "माझ्याकडे जुनी प्रत असेल. शोधतो. तोवर कशाला हात लावू नका."

तिसऱ्या दिवशी तो पेनड्राइव्ह घेऊन आला. पहिलं गाणं लागलं. सासूबाईंचा कापरा, जरासा नाकातला आवाज खोलीभर झाला. अहल्येने डोळ्यांना पदर लावला. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यात गाणं मध्येच थांबवून सासूबाई म्हणाल्या, "अहल्ये, हे नीट ठेव हं. जावयांचा हात लागू देऊ नकोस."

मी हळूच हात काढून घेतला. रडता रडता हसत अहल्येने तो ओढून पुन्हा खांद्यावर ठेवला.

"इथेच असू दे," ती म्हणाली. "निदान कळतं तरी, कुठे आहे ते."