सतरा पंजांचा माऊस

आठ दिवसांत असा माऊस करून दाखवते की तो हातात आहे हे हातालासुद्धा कळणार नाही, असं अयोध्यानं चेअरमनसाहेबांना सांगितलं, तेव्हा तिच्या आवाजात शंकेचा कणही नव्हता. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या बाईला लाकडाचा एक तुकडा हाताच्या आकाराचा करून घेणं काय अवघड?

उन्हाळा १९८८चा होता. अणदूरच्या अलीकडे माळावर असलेल्या सहकारी दूध संघात नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि तो चालवायला अयोध्या, सहा महिन्यांच्या बोलीवर. कॉम्प्युटरबरोबर आलेला माऊस साबणाच्या नव्या वडीसारखा होता, चौकोनी आणि टोचणारा. चाळीस गावांच्या दुधाचे आलेख काढता काढता तिचं मनगट असं धरायचं की संध्याकाळी थापलेली भाकरी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पारदर्शक व्हायची. महिनाअखेरीला वरच्या ऑफिसातले मोठे साहेब यायचे होते. दुष्काळात कोणत्या गावचं दूध किती आटलं याचा आलेख त्यांना पडद्यावर झरझर दाखवता आला, तर अयोध्या कायम. नाही आला, तर कॉम्प्युटरवर चादर आणि बाई घरी. चेअरमन नानासाहेबांनी हे पहिल्याच दिवशी चहा पिता पिता सांगून टाकलं होतं.

अयोध्याची योजना साधी होती. ओल्या मातीचा गोळा मुठीत धरायचा, तो वाळवायचा, त्यावरून गुंडप्पा सुताराकडून लाकडी कवच करून घ्यायचं आणि माऊसचं पोटातलं सामान त्यात बसवायचं. टँकर आठवड्यातून दोनदा येत असताना मातीवर पाणी ओतणं लोकांच्या डोळ्यांवर आलं असतं, म्हणून डबे धुणाऱ्या मालनबाईनं दुधाचे डबे विसळलेलं पाणी दिलं. माती उत्तम मळली गेली. दुपारपर्यंत सगळ्या ऑफिसला आंबट वास सुटला, एवढंच.

ती गोळा मुठीत धरणार, तेवढ्यात नानासाहेब आत आले. संघात नवं काही आलं की पहिला हात चेअरमनचा, ही रीतच होती. नव्या डेअरी व्हॅनचं पहिलं स्टिअरिंग त्यांनी धरलं होतं आणि शौचालयाची पहिली कडीही त्यांनीच लावून पाहिली होती.

"बाई, ह्यो कॉम्प्युटर कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"संघाचा."

"संघ कुणाचा? सभासदांचा. मंग हात कुणाचा पायजे?"

असं म्हणून त्यांनी गोळा दाबला. अयोध्यानं विरोध केला नाही. खरं सांगायचं तर तिला ते पटलंच. एका हातावरून निष्कर्ष काढणं तिला आधीपासूनच अशास्त्रीय वाटत होतं.

संध्याकाळी व्हाइस चेअरमन महारुद्रअप्पा आले. नानासाहेबांचं आणि त्यांचं पॅनल वेगळं होतं, त्यामुळे गोळाही वेगळा लागला. अप्पांनी तो असा आवळला की माती बोटांच्या फटींतून शेवयांसारखी बाहेर आली. मग हे सगळ्या संचालकांना कळलं. मंडळाच्या बैठकीत रीतसर ठराव झाला: माऊस करताना सतराही संचालकांच्या पंजांचा समान विचार व्हावा. दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर रांग लागली. खोलीत जिल्ह्यात दुर्मीळ असलेला एसी होता, त्यामुळे ज्याचा गोळा दाबून झाला तोही लगेच बाहेर जाईना.

अयोध्यानं प्रत्येक गोळ्यावर चिठ्ठी लावली, पट्टीनं मापं घेतली, वहीत लिहिली आणि सरासरी काढली. एका संचालकाचं बोट कडबा कापायच्या यंत्रात गेलं होतं, म्हणून उजव्या हाताच्या बोटांची सरासरी चार पूर्णांक चौऱ्याण्णव शतांश आली. तिथं तिनं मन घट्ट करून पाच धरली.

इथवर सारं बरं होतं. पण अप्पांचा पंजा चेअरमनच्या पंजापेक्षा अर्धा इंच लांब भरला, ही बातमी कुणीतरी बाहेर फोडली. नानासाहेब सकाळी साडेआठलाच हजर. पहिल्या दिवशी आपला हात आखडला होता, तेव्हा माप पुन्हा घ्या, असं त्यांचं म्हणणं पडलं. या खेपेला त्यांनी बोटं कोंबडीच्या पायासारखी फाकवून गोळा दाबला. ते पाहून अप्पाही परत आले. दोन दिवसांत सतराही पंजे नव्यानं दाबले गेले आणि प्रत्येक पंजा पहिल्यापेक्षा मोठा निघाला. दुष्काळात दूध आटलं, वैरण आटली, विहिरी आटल्या. वाढ झाली ती फक्त संचालकांच्या पंजांत.

आकडे प्रामाणिक होते. अयोध्यानं तेच गुंडप्पाला दिले. गुंडप्पानं जन्मभर कुदळीचे आणि कुऱ्हाडीचे दांडे केले होते आणि त्याचा विश्वास एकाच लाकडावर होता.

"बाभूळ घालतो," तो म्हणाला. "नातवंडं वापरत्याल."

साहेब यायच्या आदल्या दुपारी माऊस आला. आतलं सामान गुंडप्पानं सरस लावून कायमचं बसवलं होतं. पॉलिश केलेलं एखादं कासव टेबलावर ठेवावं, तसा तो दिसत होता. वजन सव्वा किलो. अयोध्यानं त्याच्यावर हात ठेवला. तळहात आरामात टेकला, अगदी बोलल्याप्रमाणे. फक्त बटणं बोटांपासून दीड इंच पुढं होती.

मालनबाई डबा टेकवून बघत उभी होती. "बाई, ह्यात सतरा जणांचा हात हाय म्हनं. तुमचा कुटंय?"

अयोध्यानं वही उघडली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिली. मग शांतपणे मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता साहेब आले. सतरा संचालक, साहेब आणि त्यांचा ड्रायव्हर एसीच्या खोलीत दाटीवाटीनं उभे राहिले. अयोध्यानं माऊसवर हात ठेवला. बटण गाठायचं तर हात पुढं न्यावा लागे, आणि हात पुढं नेला की माऊस हलत नसे. शेवटी तिनं दोन्ही हातांनी तो घोंगडी धुताना रेटतात तसा रेटला. टेबल करकरलं. पडद्यावरचा बाण कोपऱ्यात जाऊन बसला, तो परतेना.

साहेबांनी चष्मा पुसला. "हे कागद उडू नयेत म्हणून ठेवलंय का?"

सहा महिन्यांचा शेवट अयोध्याला समोर दिसत होता. तेवढ्यात नानासाहेब पुढं झाले आणि त्यांनी आपला पंजा माऊसवर ठेवला. तो असा बसला, जसं काही झाडच त्यांच्या हातासाठी वाढलं होतं.

"आहाहा," ते डोळे मिटून म्हणाले. "साहेब, बसा हितं. ठिवून बघा."

साहेबांनी ठेवून पाहिला. साहेबांचाही पंजा दांडगा होता. दोन मिनिटं त्यांनी तो उचललाच नाही. मग अप्पांनी ठेवला, मग बाकीच्यांनी. बटण कुणी दाबलं नाही, कारण ते कशाला दाबायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण हाताला असं सुख या माळावर कधी मिळालं नव्हतं, यावर दोन्ही पॅनलांचं एकमत झालं. संघाच्या इतिहासातलं ते पहिलंच.

"माऊस बराबर हाय," नानासाहेबांनी निकाल दिला. "बाईचा हात आखूड पडतुया. तेवढ्या हाताचा मानूस बगा."



बाहेर व्हॅनमध्ये डबे चढवणाऱ्या दगडोबाला हाक गेली. दगडोबा माकणीच्या कुस्त्यांत नारळ मिळवून आलेला गडी. त्याचा हात माऊसवर चपखल बसला आणि सव्वा किलो त्याला जाणवलंही नाही. पण पडद्याकडे पाहून तो घाबरला.

"बाई, आता काय करू?"

अयोध्यानं स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी बसली. "उजवीकडं. अजून. थांब. जरा वर. दाब."

दगडोबानं दाबलं. पडद्यावर चाळीस गावं उभी राहिली, कुठली उंच, बहुतेक बुटकी. साहेबांनी मान हलवली. एकानं सांगायचं आणि दुसऱ्यानं करायचं, ही पद्धत त्यांना त्यांच्या ऑफिसची आठवण करून देणारी वाटली असावी. त्यांनी मोकळेपणानं शाबासकी दिली.

त्याच दुपारी ठराव झाला: 'कॉम्प्युटर चालविण्यास दगडोबा व दगडोबा चालविण्यास अयोध्याबाई, दोघांस कायम करण्यात येत आहे.'

त्यानंतर ती रोज आठ तास स्टुलावर बसून उजवीकडं, डावीकडं, थांब, दाब असं म्हणू लागली. महिनाभरानं तिनं प्रयोगाची वही काढली आणि निष्कर्षाच्या रकान्यात, नेहमीप्रमाणे प्रामाणिकपणे, नोंद केली: मनगट, पूर्ण बरं. घसा, बसला आहे.