आठवा बिल्ला

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचं तर आधी नानांकडून पितळी बिल्ला घ्यावा लागे. तो खिशाला लावलेला दिसला नाही, तर नाना मागून येऊन कीबोर्डची वायर काढून घेत.

नाना धुळ्याला, देवपुरातल्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेचे शिपाई. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर आला आणि त्याची खोली सांभाळायला कुणी तयार होईना, म्हणून ती नानांच्या गळ्यात पडली. मोठं मशीन त्यांच्या खोलीत, आणि तिथून वायरी ओढून ऑफिसात बारा पडदे मांडलेले. पण प्रोग्रॅमचा परवाना होता आठांचा. एका वेळी आठच जणांनी काम करायचं. नवव्याला मशीन आत घेत नसे, आणि मग कोणी उठायचं यावरून रोज जुंपायची.

नानांनी ते भांडण मिटवलं. प्रयोगशाळेच्या जुन्या कपाटांवरचे आकडे कोरलेले आठ बिल्ले काढले, चिंचेने घासले आणि आपल्या दाराशी खिळ्यांना टांगले. ज्याच्याकडे बिल्ला, त्याने बसायचं. परवान्याचा कागद फ्रेम करून त्यांनी गणपतीच्या शेजारी लावला होता. कुणी वाद घातला की तिकडे बोट करून विचारत, "कागद काय म्हणतो?"

एकदा कुणी ओळखीच्याने एक फ्लॉपी आणून दिली. ती घातली की आठाचे हवे तेवढे होतात, म्हणे. प्राचार्यसुद्धा विरघळले. नानांनी फ्लॉपी घेतली, त्याला चहा पाजला आणि रिकामा ग्लास तिच्यावर ठेवला. पुढे ती ग्लास ठेवण्याच्याच कामी आली.

एवढे नेक, पण खिळ्यांवर बिल्ले मात्र सातच असत. आठवा नानांच्या बंडीच्या आतल्या खिशात. तो कुणालाही मिळत नसे. तो लावून नाना दुपारी दाराआड मशीनवर पत्ते खेळतात, अशी ऑफिसात बोलवा होती, आणि ती पसरवण्यात माझाही हात होता.

मी जळगावचा, शनिवारी घरी जायचो. एका सोमवारी धुळ्याला येऊन पाहतो तर बिल्ला शनिवारच्या पँटीतच राहिलेला. आणि तो प्रवेशाचा शेवटचा दिवस, प्रवेशाचं टेबल माझं.

"नाना, माझा जळगावला राहिला. आजच्या दिवस तुमचा द्या."

"म्हणजे एक माणूस जळगावला बसलाय," नाना म्हणाले. "इथे उरले सहा."

"अहो, मशीनला काय कळतंय त्यातलं?"

"मशीनला नाही कळत. मला कळतं."

शेवटी बाजूच्या जोशीबाईंच्या हातापाया पडून तीन वाजेपर्यंत त्यांचा बिल्ला मिळवला. त्यात आलेले सगळे फॉर्म भरले, बिल्ला परत केला आणि टेबल आवरून नानांच्या नावाने मनातल्या मनात बोटं मोडत बसलो.

साडेचार वाजता एक मुलगी आणि तिचे वडील दारात उभे राहिले. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावाहून दोन गाड्या बदलून आले होते, मधली गाडी बंद पडली होती. मुलीने प्लॅस्टिकच्या पिशवीतून फॉर्म काढून माझ्यापुढे धरला. पाचला यादी छापून बंद होणार होती. मी सहा जणांकडे पाहिलं. सगळे निकालाचे गुण भरत होते, आणि मधेच उठलं तर भरलेला अख्खा वर्ग पुसला जाई. कुणी मान वर केली नाही.

"उद्या या," माझ्या तोंडून सवयीने गेलं. उद्या काही उपयोग नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं.

नाना खोलीतून बाहेर आले. बंडीत हात घालून त्यांनी बिल्ला काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. त्याच्यावरचा आकडा झिजून गेला होता.

"भरा," ते मला म्हणाले. मग मुलीला अहिराणीत म्हणाले, "बठ माय. तुनं काम व्हई जाई."

पाचला दहा मिनिटं कमी असताना तिचं नाव यादीत चढलं. तिचे वडील नुसते हात जोडून उभे राहिले, आणि मला इतकं हलकं वाटलं की मीही उलट हात जोडले.

त्यांना गाडीत बसवून नाना परत आले, तेव्हा मी विचारलं, "हा बिल्ला यासाठी ठेवता?"

"शेवटी येणारा लांबूनच आलेला असतो," नाना म्हणाले. थोडा वेळ ग्लासाखालच्या फ्लॉपीशी चाळा करत राहिले. "मी धरणगावाकडून आलो होतो. याच टेबलावर. साडेचारच झाले होते. तेव्हाचे साहेब म्हणाले, उद्या ये."

"मग?"

"आलो ना दुसऱ्या दिवशी. प्रवेश बंद झाला होता. शिपायाची जागा होती."

पुढच्या सोमवारी जळगावहून माझा बिल्ला आणून मी खिळ्याला टांगला. नानांनी खिळे मोजले, खिसा चाचपला. "बठ्ठा शेतस," म्हणजे सगळे आहेत, असं म्हणून खोलीत गेले. पत्त्यांची गोष्ट मी पुन्हा कधी काढली नाही. 'उद्या या' हे दोन शब्दही त्या टेबलावर पुन्हा उच्चारले नाहीत.