ढोके मास्तरांचा एकच गंज

ढोके मास्तर कुणाकडे चहाला गेले, की आधी किटलीला तळहात लावून बघत, मग कपाला. "कप निवला, किटली नाही निवली. पाह्यलं?" असं म्हणेपर्यंत त्यांच्या चहाचं पार पाणी झालेलं असे.

घाटंजीच्या शाळेत ते विज्ञान शिकवत, मी मराठी. एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं, की गुरू ग्रहाला सूर्याकडून मिळते त्याहून जास्त उष्णता तो बाहेर टाकतो. झालं! मधल्या सुट्टीत आमचं बसणं मुश्कील झालं. "जन्माच्या वेळची गरमी हाय ते. एवढा मोठा गोळा, लवकर निवते कायले? अन् थोडा थोडा आकसून राह्यला, त्याचीही गरमी." मग एकदम त्यांचा चेहरा उतरे. "पण निवून तर राह्यलाच ना, सर!" कोट्यवधी वर्षांनंतरची ही काळजी ते आमच्याही गळ्यात बांधत.

त्यांच्या सुमीचं लग्न ऐन थंडीत निघालं. आचाऱ्याने भातासाठी चार पातेली मागितली. मास्तर अडून बसले, की माणूस मावेल एवढं एकच पातेलं, म्हणजे गंज हवा. "चार बारके केले का चारही निवते. अन् झाकण कोणी उघडाचं नाही!"

गोरज मुहूर्त टळला, तरी मारेगावहून वऱ्हाड आलं नाही. नवरदेवाचा मामा साखरपुड्यातच रुसून गेलेला, त्यामुळे मांडवात कुजबुज सुरू झाली. मास्तर गंजापाशी पहारा देत उभे. भुकेली पोरं आली, त्यांना हाकललं. मी गेलो, मलाही हाकललं. "गरम हाय अजून. येतेच ते. रस्ता खराब हाय." मला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे. मीही रस्त्याकडे बघत राहिलो. सुमी माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली.

तेवढ्यात त्यांची बहीण आतून आली. "दादा, पोरगी रडून राह्यली. सकाळपासून उपाशी हाय. म्हणते, ते नाही आले तर माह्या बाबाचं कसं होईन?"

मास्तरांनी स्वतःच्या हाताने झाकण सरकवलं, ताटलीभर भात घेतला आणि आत गेले. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग.

"लग्नाआधी जेवते का नवरी?" बहीण ओरडली. मास्तर सुमीसमोर फतकल मारून बसले होते.

बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. "आले, आले!" म्हणत सगळे धावले. मास्तर जागचे हलले नाहीत. हातातल्या घासावर ते हळूहळू फुंकर घालत होते.

"थांबू दे त्याइले," ते म्हणाले. "तू आधी खाय, माय."